मेंढरांवर घातलेली शपथ

मनकर्णाबाई : आता कामून शटर ओढू राह्यले? चारच तर वाजलेत. शनिवारचं गिऱ्हाईक असतंय.

कडूबा : ओढू दे गं. रोडच्या त्या अंगाला सोनाजी उभाय. इकडंच येतोय.

मनकर्णाबाई : मग येऊ द्या की. तीस वर्सं झाली, दर शनिवारी धनगरवस्तीवरून येतो तो माणूस. गूळ, चहापत्ती, तंबाखू. त्याला पाहून दुकान बंद करायचं म्हणजे काय?

कडूबा : त्याची मेंढरं मरू लागलीत.

मनकर्णाबाई : ठाऊकाय. बुधवारपासून नऊ गेली. आख्ख्या पडेगावाला ठाऊकाय. पण मेंढरं त्याची मेली, तोंड तुम्ही कामून लपवताय?

कडूबा : हळू बोल.

मनकर्णाबाई : इथं कोण ऐकायला बसलंय? समोर ते मार्ट उघडून महिना झाला. तवापासून आपल्या दुकानात माशी तरी येती का? अवो, इकडं बघा माझ्याकडं. चार दिवस झाले, अर्ध्या ताटावरून उठताय. झोपेत दचकताय. मला वाटलं दुकानाची फिकीर असंल.

कडूबा : दुकानाचीच हाये.

मनकर्णाबाई : खोटं. दुकानाची फिकीर असली का तुम्ही चिडचिड करता. हे चिडणं नाय. हे भ्याव हाये.

कडूबा : मनकर्णे, मी आत गेल्तो.

मनकर्णाबाई : कुठं आत?

कडूबा : तिथं. मार्टात.

मनकर्णाबाई : अगं माझ्या आई! तुम्ही? माळावरच्या खंडोबाफुडं ताट धरून सगळ्या गावाला बेल-भंडारा उचलायला लावला, ते तुम्ही? “मार्टात पाय ठेवणार नाय” म्हणून सगळ्यांच्या आधी कोण वरडलं? कुंपणानंच शेत खाल्लं की हो!

कडूबा : मंगळवारी गेलो. तुला म्हणलं व्हतं ना, मोंढ्यात जातो, शेंगदाणे बघायचेत. मोंढ्यात नव्हतोच गेलो. तोंडाला उपरणं गुंडाळलं अन् शिरलो आत.

मनकर्णाबाई : पण कामून?

कडूबा : भ्या वाटत व्हतं म्हणून. सकाळी डोळा उघडला का समोर ते लांबलचक छप्पर. दिवसा बी लाईट, रात्री बी लाईट. आत काय हाये ते ठाऊक नसलं का माणूस जास्त भेतो. म्हणलं, येकदा पाहून घ्यावं, म्हणजे जिवाला ठंडक पडंल.

मनकर्णाबाई : पडली?

कडूबा : नाय. तिथं कुणी इचारतच नाय गं. “काय पाह्यजे” असं कुणीच म्हणत नाय. इथं गिऱ्हाईक पायरी चढायच्या आत मला कळतं, याला साबण पाह्यजे, हिच्या घरी पाव्हणे आलेत, साखर लागंल. तिथं लोक मुक्यानं गाडी ढकलतेत अन् आपल्या हातानं भरून घेतेत. माझी तीस वर्साची हुशारी तिथं कुणाला लागतच नाय.

मनकर्णाबाई : अन् म्हणून झोपेत दचकताय?

कडूबा : त्यानं नाय. मला तिथं बरं वाटलं, मनकर्णे. लई गार व्हतं. बाहेर ऑक्टोबरचं ऊन, अन् आत जसं काय हिवाळा. कुठल्या तरी दाराशी सुवास बी येत व्हता. दीड तास फिरलो. निघावंसंच वाटंना. ज्याचं नरडं ते मार्ट दाबू राह्यलं, त्यालाच बरं वाटतंय, मग गावाला कामून नाय वाटणार? त्या दिवशी मला कळलं, आपलं काय खरं नाय.

मनकर्णाबाई : बरं, गेलात ते गेलात. पाप झालं. कुणी पाह्यलं का?

कडूबा : मला नाय कुणी पाह्यलं. मी पाह्यलं. सखूबाईला.

मनकर्णाबाई : सोनाजीच्या सखूबाईला? मार्टात?

कडूबा : दारात. बाहेर टेम्पोची वाट बघत उभी असंल, उन्हाची सावलीला आली. ते काचेचं दार हाये ना, माणूस जवळ आला का आपोआप सरकतं. तिला वाटलं, आतून कुणीतरी बोलावलं. डोक्यावरचा पदर सारखा केला अन् “आले, आले” म्हणत येक पाऊल आत टाकलं तिनं. लगेच दारावरच्यानं हात आडवा घातला. “अम्मा, किधर? उधर हो जाव, उधर.”

मनकर्णाबाई : अन् तुम्ही काय केलं?

कडूबा : मी पिठाच्या थैल्यांमागं सरकलो.

मनकर्णाबाई : लपलात.

कडूबा : लपलो.

मनकर्णाबाई : आपल्या थोरलीच्या बाळंतपणात सव्वा महिना रोज वस्तीवरून चालत यायची ती. लेकराला न्हाऊ घालायची, लेकीला शेक द्यायची. येक पातळ दिलं तर नको नको म्हणत व्हती. अन् तिला दारातून हाकललं तवा तुम्ही पिठामागं!

कडूबा : मला वाटलं, ही गोष्ट इथंच मिटंल. दुसऱ्या दिवशी सोनाजीचं पह्यलं मेंढरू मेलं.

(सोनाजी पायरीशी येऊन काठी भिंतीला टेकवतो. शटर अर्धंच ओढलेलं आहे.)

सोनाजी : कडूबा. हायेस का?

मनकर्णाबाई : हायेत, हायेत. या सोनाजीभाऊ, वाकून या. बसा त्या पोत्यावर. पाणी देते.

सोनाजी : पाणी नको वैनी. बसत बी नाय. उद्याचं सांगाया आलो.

कडूबा : उद्याचं काय, दादा?

सोनाजी : उद्या ऐतवार. सखू लोटांगण घालणार हाये. वस्तीपासून माळावरच्या खंडोबाच्या ठाण्यापोत.

कडूबा : लोटांगण? तिथवर? मधी रोड हाये, खडी हाये!

सोनाजी : व्हय. उजाडायला निघू. तू भंडाऱ्याचं ताट घेऊन म्होरं चालायचं. शपथेला ताट तूच धरलं व्हतं, मंग उद्या बी तूच पाह्यजे.

मनकर्णाबाई : पण सोनाजीभाऊ, तिच्यानं हुईल का? मागच्या साली छातीत कळ आली म्हणून घाटीच्या दवाखान्यात आठ दिवस व्हती ती.

सोनाजी : मी बी तेच म्हणलं. ऐकंना. परवापासून अन्नाला शिवली नाय. म्हणती, माझ्या पायानं नऊ गेली. उरली ती तरी वाचू दे.

मनकर्णाबाई : तिच्या पायानं म्हणजे?

सोनाजी : पाय पडला तिचा. मार्टाच्या दारात. येकच पाऊल. कुणी पाह्यलं नव्हतं, तिनंच सांगितलं मला. पह्यलं मेंढरू गेलं त्या दिवशीच रडत रडत सांगितलं. मी म्हणलं, आगं येकच त पाऊल. ती म्हणली, देवाला काय येक अन् काय धा.

कडूबा : डॉक्टर आला व्हता म्हणं ना वस्तीवर?

सोनाजी : आल्ता. सरकारी. मेंढरांचे व्हट सुजतेत, जीभ निळी पडती, तोंडातून लाळ. चालताना पाय घासत्यात. त्यानं पाह्यलं अन् म्हणला, हा चिलटांचा आजार हाये. पावसाळा सरला का येतो. जी धड हायेत त्यांना सुई टोचू, मेंढरं बसवायचं वाडगं कोरड्यावर हलवा.

मनकर्णाबाई : मग टोचली का?

सोनाजी : थांबवलं मी त्याला.

मनकर्णाबाई : थांबवलं? कामून?

सोनाजी : देवासंगं भांडण चालू असताना मधी सुई घातली, त देव म्हणंल, याचा माझ्यावर भरवसा नाय. आधी लोटांगण हू दे. मंग सुई.

मनकर्णाबाई : अन् तवर मेंढरं?

सोनाजी : सकाळी अजून दोघी पाय घासत व्हत्या. येक गाभण हाये.

कडूबा : दादा, वस्तीवर बाकी लोक काय म्हणतेत?

सोनाजी : काय म्हणणार? भेलेत समदे. बाया सखूच्या हातचं पाणी घेईनात. कालच्याला आमचं वाडगं वस्तीपासून लांब न्यायला लावलं. मुंजाबा, माझा सख्खा चुलतभाऊ, तो बी म्हणला, दादा, तुझ्या घरचं आमच्या मेंढरांत नको येऊ देऊ. मी कुणाला बोलू? आपलाच पैका खोटा, त दुकानदाराला काय बोलायचं.

मनकर्णाबाई : अवो, ऐकू राह्यले ना तुम्ही?

कडूबा : ऐकतोय.

मनकर्णाबाई : मग बोला.

कडूबा : काय बोलू?

मनकर्णाबाई : तुम्ही बोलता का मी बोलू?

सोनाजी : काय झालं वैनी?

कडूबा : सोनाजीदादा, मी बी गेल्तो.

सोनाजी : कुठं?

कडूबा : मार्टात. मंगळवारीच. सखूबाईचं येकच पाऊल पडलं, मी पार आत व्हतो. दीड तास. त्या दारावरच्यानं तिला हाकललं तवा मी आतून पाह्यलं. पाहून बी बाहेर नाय आलो.

सोनाजी : तू?

कडूबा : व्हय. म्हणून म्हणतो, तिला नको लोटांगण घालू देऊ. कसूर माझी हाये. मी घालतो. उद्या नाय, आत्ता घालतो. तू म्हणशील तिथून.

सोनाजी : तुझं तू बघ, कडूबा. तुला देव काय करायचं ते करंल. पण माझी मेंढरं काय तुझ्या पायानं मेली नायत.

कडूबा : कशावरून?

सोनाजी : शपथ आठव ना. तूच सांगितली, आमी मागून म्हणली. “ज्याचा पाय त्या मार्टात पडंल, त्याच्या वाडग्यातलं मेंढरू जगणार नाय.” त्याच्या वाडग्यातलं. तुझं वाडगं कुठाय? तुझ्या दाराला येक शेळी बी नाय. तू आत राहून आला, तुझं काय मरणार? माझी मेली, म्हणजे माझ्याच घरचा पाय बाटला. सरळ हाये.

कडूबा : नाय दादा, तसं नाय.

सोनाजी : तसंच हाये. तू कबूल केलं, बरं केलं. पण त्यानं सखू सुटत नाय. उद्या ताट धरायला येतो का नाय, ते सांग. मला वस्तीवर जायाचंय.

मनकर्णाबाई : थांबा सोनाजीभाऊ. जाऊ नका. अवो, आता पुढचं सांगा त्यांना.

कडूबा : पुढचं काय? सांगितलं की समदं.

मनकर्णाबाई : समदं? मला त्या दिवशी देवळातच खटकलं व्हतं. म्हणलं, आपल्या घरात येक कोंबडी नाय, अन् ह्या माणसाला शपथ घालाया मेंढरंच कशी सुचली? मी गप राह्यले. गप राह्यले म्हणून आज हे झालं. उद्या ती बाई रोडवर छातीला हात लावून पडली, तर तुम्ही काय त्या ताटातला भंडारा लावणारेत का तिला?

कडूबा : मनकर्णे, माझी समद्या गावात इज्जत हाये.

मनकर्णाबाई : असंल. पण तिकडं सखूबाईचा जीव पणाला हाये.

सोनाजी : काय चाललंय तुमचं? मला कळंल असं बोला.

कडूबा : दादा, तू बस आधी. बस त्या पोत्यावर. उभ्यानं नाय सांगता येणार मला. ती शपथ हाये ना, ती काय देवानं नाय सांगितली. मी जुळवली. हितं, ह्या गादीवर बसून, आदल्या दिवशी.

सोनाजी : शपथ माणूसच जुळवतो. देव फक्त ऐकतो.

कडूबा : तसं नाय रे. ऐक. मार्ट येणार कळलं, तवा गावात दोन तोंडं झाली व्हती. रामकिसननं त्यांच्या गाड्यांसाठी वावर भाड्यानं दिलं. लक्ष्मीबाई म्हणायली, माझ्या सुनेला तिथं काम लागंल. पुंजाराम न्हावी म्हणला, ते काय दाढ्या करणारेत का, मला काय त्याचं? मी येकटाच घाबरलेलो. मी अन् तो भाजीवाला कारभारी. आमी दोघं बसलो, म्हणलं, देवाफुडं सगळ्यांला बांधून टाकू. कारभारी म्हणला, ज्यानं त्यानं आपल्या लेकरांची शपथ घ्यावी. मी म्हणलं, नको.

सोनाजी : नको कामून?

कडूबा : लेकरं मला बी हायेत.

सोनाजी : हं.

कडूबा : मग तो म्हणला, धंद्याची घेऊ. ज्याचा पाय पडंल त्याचा धंदा बसंल. मी म्हणलं, ते बी नको. धंदा तर माझा आधीच बसायला आलाय. मग इचार करत बसलो. म्हणलं, अशी कुठली चीज हाये जी माझ्याकडं नाय, पण लोकांला जिवापेक्षा प्यारी हाये. अन् तू दिसला मला, दादा. तुझी सगळी वस्ती दिसली. तुमची चाळीस घरं माझ्याकडून सौदा नेतेत. गाववाले गेले तरी मी कसाबसा तग धरंल. तुमी गेले, का माझं शटर कायमचं खाली. म्हणून जिथं तुमाला दुखतं, तिथंच बोट ठेवलं. भंडारा देवाचा व्हता. शब्द माझे व्हते.

मनकर्णाबाई : लोकाच्या खांद्यावर बंदूक ठेवली ह्यांनी, सोनाजीभाऊ. अन् चाप बी ह्यांनीच वढला.

सोनाजी : म्हणजे आमच्या मेंढरांचं नाव घेतलं ते देवासाठी नव्हतं. आमाला भेव दावायला घेतलं.

कडूबा : व्हय.

सोनाजी : अन् तू आमच्या म्होरं उभा राहून म्हणला, “येळकोट येळकोट.”

कडूबा : व्हय.

सोनाजी : मी त तुझ्यापेक्षा मोठ्यानं म्हणलो.

कडूबा : दादा, मेंढरं चिलटांनी मेलीत. डॉक्टर खरं बोलतो. तुला माझा भरवसा नसंल तर नको ठेवू, पण त्याचा ठेव. सखूबाईचं पाऊल पडलं, त्यात काय नाय. कुणाच्याच पावलात काय नाय. तो नुसता माझा डाव व्हता.

सोनाजी : नुसता डाव. त्या डावापायी माझी बाई दोन दिस उपाशी हाये. रात्री उठून मेंढरांच्या पाया पडती, कडूबा. येकेकीच्या. माफी मागती त्यांची.

कडूबा : मला मार तू. काठी हाये ना बाहेर. आण ती.

सोनाजी : तुला मारून काय मिळंल? वैनी, त्या डागदरचा फोन नंबर मिळंल का?

मनकर्णाबाई : दवाखान्याचा हाये माझ्याकडं. लावते लगेच. शनिवार हाये, पण येईल तो. नाय आला तर मी जाऊन बसते त्याच्या दारात.

सोनाजी : त्याला म्हणा, धड हायेत त्यांना आजच सुई मारा. अन् ती गाभण हाये तिला आधी बघा. कडूबा, तू चल माझ्यासंगं.

कडूबा : कुठं?

सोनाजी : वस्तीवर. हे समदं तिला सांग. मी सांगितलं, त म्हणंल, नवरा मला वाचवाया बोलतो. तुझ्या तोंडून ऐकलं तरच पाण्याचा घोट घेईल.

कडूबा : सांगतो. तिच्या पाया पडून सांगतो. पण दादा, तिला येकटीला सांगितलं तर नाय का चालायचं?

सोनाजी : नाय. समद्यांसमोर सांग. शपथ समद्यांसमोर घातली व्हती. अन् तिच्या हातचं पाणी समद्यांनी टाकलंय.

कडूबा : चाळीस घरं जमतील. मारतील मला.

सोनाजी : मारतील बी येखाद्या वेळी. मुंजाबाचं डोकं गरम हाये. मी मधी पडंल.

कडूबा : अन् उद्यापासून ह्या दुकानात कोण चढंल?

मनकर्णाबाई : अजून दुकान! अवो, उठा. भित्यापाठी ब्रह्मराक्षस म्हणतेत ते काय खोटं नाय. महिनाभर तुम्ही त्या मार्टाला भेलात अन् त्या भ्यावाच्या नादात आपल्याच माणसाच्या घराला आग लावली. दुकान राहील का जाईल ते उद्या बघू. आज ती बाई जेवली पाह्यजे.

कडूबा : माझ्यानं जाववत नाय गं.

मनकर्णाबाई : नसंल जाववत. तरी जा. मी डॉक्टरला फोन लावते अन् मागून भाकरी घेऊन येते.

सोनाजी : चल. ऊन उतरायच्या आत पोहोचू.

कडूबा : दादा, येक सांग. तुला माझा राग नाय आला?

सोनाजी : आलाय. लई आलाय. आत्ता सांगता येत नाय किती, घरी गेल्यावर कळंल. पण मला येका गोष्टीचं नवल वाटतंय.

कडूबा : कशाचं?

सोनाजी : ते मार्ट बांधाया लागले ना, तवाच सखू मला म्हणली व्हती, बिचाऱ्या कडूबाचं आता कसं व्हायचं. आपण त्याच्याकडंच जात राहू, म्हणली. शपथ कशाला पाह्यजे व्हती रे तुला? नुसतं येऊन म्हणला असता, “दादा, तिकडं जाऊ नका, मला भ्या वाटतंय,” त नसतो गेलो आमी.